कोरा वाफा

डॉ. मुदगलकरांनी कोऱ्या वाफ्यातलं सोयाबीनचं एक झाड उपटलं, मुळांची माती झटकली आणि ते माझ्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे, शैलजा?"

"गाठी आहेत, सर."

"ते मलाही दिसतंय. कोऱ्या वाफ्यात गाठी कशा आल्या, ते विचारतोय."

मुळांवर हरभऱ्याएवढ्या चांगल्या घसघशीत गाठी लगडल्या होत्या आणि त्या तिथे असायला नको होत्या. सरांच्या मागे खुरपणाऱ्या बाया काम थांबवून उभ्या राहिल्या. ऊन डोक्यावर आलं होतं.

बियाणे संघाच्या त्या प्रक्षेत्रावर आम्हा सगळ्यांचं पोट ह्या गाठींवरच चालायचं. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला खत म्हणून देतात, झाड त्यांना साखर देतं. पण सोयाबीन आमच्या भागात तेव्हा पाहुणं पीक होतं. त्याच्याशी सूत जुळेल असा जिवाणू आमच्या काळ्या मातीत नव्हताच. म्हणून सरांनी बाहेरून जिवाणू मागवले, त्यांतून एक निवडला, वाढवला आणि त्याला एम-सात असं नाव दिलं. आमच्या उन्हाळ्यात तो मातीत टिकत नसे, म्हणून दरवर्षी एम-सात गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचा आणि ते बियाणं एका वाफ्यात पेरायचं. तो सातचा वाफा. शेजारी काहीच न चोळलेलं बियाणं पेरायचं, तो कोरा वाफा. सातच्या वाफ्यात झाडं हिरवीगार, कोऱ्यात पिवळी आणि काटकुळी. हा फरक दाखवला की एम-सातला सरकारी मान्यता मिळणार होती. म्हणजे कोरा वाफा कोरा राहिला, तरच सरांची सहा वर्षं कामी लागणार होती.

त्यासाठी सरांनी जे सोवळं चालवलं होतं, ते कुठल्या देवघरातही पाळलं जात नसेल. सातच्या वाफ्याची खुरपी लाल दांड्याची, कोऱ्याची पांढऱ्या दांड्याची. दोन्हींच्या मध्ये उंच बांध आणि चर. कोऱ्या वाफ्याच्या तोंडाशी जांभळ्या औषधी पाण्याचं मोठं घमेलं ठेवलेलं. आत पाऊल टाकायचं तर त्यात पाय धुऊन. बाया त्याला तीर्थ म्हणायच्या. "तीर्थ घेतलं का गं?" असं एकमेकींना विचारायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"लाल खुरपं कोऱ्यात कुणी आणलं?" सरांनी विचारलं.

बाया हातातल्या खुरप्यांकडे पाहू लागल्या.

"मी काय विचारतोय? पाय न धुता आत कोण शिरलं?"

"आमी कामून असं करू, सर?" चंद्रकला म्हणाली. तिचं तान्हं बाळ बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं.

"मग गाठी काय आभाळातून पडल्या? ठीक आहे. ज्या कुणी केलंय तिने कबूल करेपर्यंत उद्यापासून कुणीच यायचं नाही. मी दुसऱ्या गावातून बाया आणीन."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी गयाबाईकडे पाहिलं. गयाबाई म्हणजे चंद्रकलेची सासू, त्या सगळ्यांत वडीलधारी. ह्या वाफ्यांत पहिली पेरणी झाली तेव्हापासून ती कामाला होती. कुणी घमेल्याला वळसा घालून जायला लागली, तर सरांच्या आधी तीच ओरडायची. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"माझ्या हातून झालं असंल, सर."

"असेल म्हणजे? झालं की नाही?"

"झालं म्हना."

"कधी?"

"आता ध्येनात न्हाई. ह्या पोरींचा काय संबंध न्हाई. त्यांला राहू द्या."

इतकं उघड खोटं मी आजवर ऐकलं नव्हतं. आणि सरांनी ते एका घासात गिळलं, कारण त्यांना तेच हवं होतं. "उद्यापासून तू येऊ नकोस," एवढं ते म्हणाले. गयाबाईने पांढऱ्या दांड्याचं खुरपं बांधावर ठेवलं, भाकरीचं फडकं उचललं आणि लांबच्या वाटेने गावाकडे गेली.

सरांनी फेकून दिलेलं झाड मी उचललं. एक गाठ तोडली आणि नखाने तिचे दोन भाग केले.

"सर, हे बघा. आत पांढरी आहे."

"मग?"

"एम-सातची गाठ आतून गुलाबी असते. लाल खुरप्याबरोबर एम-सात इथे आला असता, तर ह्याही गुलाबी निघाल्या असत्या."

"कोवळ्या असतील."

"एवढ्या मोठ्या आणि कोवळ्या?"

"शैलजा, तू अजून नोकरीत कायम झालेली नाहीस," सर म्हणाले आणि जीपकडे चालू लागले.

त्या गाठींतले जिवाणू कोणते, हे बघणं सोपं असायला हवं होतं. गाठ नीट धुवायची, चिरडायची, तो रस तापवून घेतलेल्या तारेने काचेच्या बशीतल्या खाद्यावर पसरायचा आणि वाट बघायची. एम-सात अतिशय संथ. आठवड्याने कुठे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दाखवणार. सोयाबीनच्या जिवाणूंवर काम करणाऱ्या आम्हा लोकांचा म्हणून एक नियम असायचा, आणि सरांनी तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लाल अक्षरांत लिहून लावला होता. पाचव्या दिवसाआधी जे उगवेल ती घाण, फेकून द्यावी. हा नियम मी कॉलेजातही शिकले होते. त्याबद्दल शंका घ्यावी असं कुणाला कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी माझ्या बशा भरून गेल्या. चकचकीत, ओघळणारे, शेंबडासारखे गोळे. सरांनी झाकण न उघडताच निकाल दिला.

"घाण. फेक."

फेकलं. पुन्हा गाठी आणल्या, पुन्हा धुतल्या, औषधात जास्त वेळ ठेवल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच शेंबूड. पुन्हा फेकलं. पुढच्या खेपेला सर माझ्या पाठीशी उभे राहिले.

"हात धुतलेस?"

"हो."

"केस बांधलेस?"

"बांधलेत, सर."

"तार लाल होईपर्यंत तापव. आणखी. आता बशीवर बोलू नकोस."

मी श्वाससुद्धा जपून घेतला. तरीही तेच उगवलं. सरांनी बशी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या हाताला वळण नाही. काही लोकांना ते येतच नाही."

मला रडूही आलं आणि भयंकर रागही आला. कारण प्रत्येक खेपेला त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच तारेने मी सातच्या वाफ्यातल्या गाठीही पसरल्या होत्या. त्या बशा आठवडाभर स्वच्छ राहिल्या आणि मग त्यांच्यावर एम-सातचे बारीक ठिपके शहाण्यासारखे उगवले. मी त्या बशा सरांपुढे नेऊन ठेवल्या.

"माझा हात घाणेरडा असेल तर तो सातच्या वाफ्यापुरता स्वच्छ कसा होतो?"

"योगायोग."

"तिन्ही वेळा?"

"शैलजा, मान्यतेचे लोक हिवाळ्यात येणार आहेत. मला कोऱ्या वाफ्याचं कारण लिहायचंय. मजुरांकडून मिसळ, असं लिहून टाकतो. ती बाई बोललीच आहे तसं. तू आता हे सोड."

त्या आठवड्यात चंद्रकला प्रयोगशाळेच्या दाराशी आली. चप्पल बाहेर काढून उंबऱ्यावरच उभी राहिली.

"ताई, आमच्या आत्याबाईचं काय होतंय का?"

"बघतेय मी. त्या कुठे जातात सध्या?"

"तलावाच्या भरावावर. माती वाहायला. गुडघे धरल्यात त्यांचे." ती जरा थांबली. "आदी पलीकडच्या बियान्याच्या रानात गेल्त्या इचारायला. थितला मुकादम म्हन्ला, तू मिसळ करतीस, आमचं बियानं बाटवशील. आता सगळीकडं तेच म्हनत्यात. तुमाला म्हनून सांगते ताई, त्यांनी न्हाई केलं. घरात पन चपला बाहेर काढायला लावत्यात, म्हनत्यात पायाला सातची माती आसंल."

हे शेवटचं ती हसत सांगत होती, पण मला हसू आलं नाही. बियाण्याच्या रानातली मजुरी इतरांपेक्षा बरी असायची आणि तिथे माणसाच्या हातावर विश्वास लागायचा. गयाबाईचा तोच विश्वास गेला होता. चंद्रकला गेल्यावर मी परत टेबलापाशी आले आणि भिंतीवरचा नियम वाचला. मग ठरवलं, आता फेकायचं नाही.

पुढच्या खेपेचे ते चकचकीत गोळे मी वेगवेगळ्या नळ्यांत घेतले आणि रिकाम्या खोक्यात घालून जुन्या फ्रीजच्या मागच्या कप्प्यात ठेवले. नीट निरखल्यावर कळलं की ते सगळे एकसारखे नव्हतेच. एक पाण्यासारखा पातळ, एक दह्याच्या कवडीसारखा घट्ट, एक पिवळसर. असे पाच प्रकार निघाले. सोयाबीनचं ताजं बियाणं औषधात धुतलं, उकळलेल्या वाळूच्या बाटल्यांत लावलं आणि रोप फुटल्यावर एकेका बाटलीत एकेक 'घाण' सोडली. काही बाटल्या तशाच ठेवल्या, काही न सोडता. सगळ्या बाटल्या गोदामाच्या खिडकीत, रिकाम्या पोत्यांच्या मागे लपवल्या. सरांचा गोदामात पाय पडत नसे. तिथे उंदीर फार होते.

महिनाभराने रोपं उपटली. काही न सोडलेल्यांची मुळं स्वच्छ होती. बाकी पाचही प्रकारच्या बाटल्यांत मुळांवर गाठी होत्या. मी खाली पोत्यावर बसले आणि नखाने एकेक फोडत गेले. पांढरी, पांढरी, पांढरी, पांढरी. पाचव्या प्रकारची फिकट गुलाबी. मी एक सणसणीत शिवी दिली. आम्ही ज्याला घाण म्हणून फेकत होतो, तीच गाठी बांधत होती.

पण हे झालं कसं, ते अजून कळत नव्हतं. कॉलेजातली माझी मैत्रीण वासंती तेव्हा पुण्यात जनुकांवर काम करायची. नळ्या बर्फात घालून मी तिच्याकडे पाठवल्या. त्यांच्यासोबत एम-सात पाठवला आणि गावच्या गायरानातल्या, जिथे सोयाबीन कधीच पेरलं नव्हतं तिथल्या मातीतले तसेच दिसणारे जिवाणूही पाठवले. मग वाट बघत बसले. मान्यतेचे लोक आले, कोऱ्या वाफ्यातल्या गाठी बघून तोंड वाकडं करून गेले. सरांनी मजुरांकडून मिसळ हे कारण सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि निर्णय पुढे ढकलला. सर त्या दिवसापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागले, जणू गाठी मीच रात्री जाऊन बांधल्या होत्या.

शेवटी संघाच्या ऑफिसात वासंतीचा फोन आला.

"तू बसलीयस का उभी आहेस?" तिने विचारलं.

"बोल गं पटकन. बिल संघाला पडतंय."

"फोन मी केलाय, वेडे. ऐक. सोयाबीनवर गाठ बांधायचं जे जनुक एम-सातमध्ये आहे, ते मी खूण म्हणून वापरलं. तुझ्या पाचही नमुन्यांत ते आहे. जसंच्या तसं."

"म्हणजे ते पाचही एम-सातच?"

"अजिबात नाही. बाकी सगळा ऐवज वेगळा. पाच जण पाच घरचे, तुमच्या मातीतलेच. गायरानातल्यांशी त्यांचं नातं जुळतं. पण गायरानातल्यांकडे ते जनुक नाही."

"मग ह्या पाचांकडे आलं कुठून?"

"एम-सातकडून. घेतलं त्यांनी. चिकटले असतील एकमेकांना, मधे पूल झाला असेल आणि तेवढा तुकडा पलीकडे गेला असेल. गेल्यावर त्यांनी तो आपल्यात नीट बसवून घेतला. प्रत्येकाने आपापल्या जागी. म्हणून पाचांच्या पाच तऱ्हा."

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. जिवाणूला सगळं आईकडूनच मिळतं असं नाही, शेजाऱ्याकडूनही मिळतं, त्यातूनच त्यांच्यात एवढे प्रकार होतात, वगैरे. पण ते आपल्या बांधाखाली चाललं असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला पहिली आठवण गयाबाईची झाली.

वासंतीने पाठवलेली, जनुकाच्या तपासणीची एक्स-रेसारखी फिल्म घेऊन मी सरांच्या खोलीत गेले आणि ती खिडकीच्या काचेवर धरली. एम-सात आणि ते पाच, सगळ्यांच्या त्या जनुकाच्या काळ्या पट्ट्या एका रेषेत होत्या.

"सर, कोऱ्या वाफ्यात एम-सात गेलाच नाही. इथले जिवाणू सातच्या वाफ्यात त्याच्या शेजारी राहिले. त्याच्याकडून एवढा एक तुकडा घेतला आणि बांधाखालून इकडे पसरले. ते इथलेच. त्यांना चर काय आणि घमेलं काय."

सरांनी काचेजवळ येऊन फिल्म पाहिली. त्यांचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू बदलला.

"पाच वेगवेगळ्यांनी घेतलंय?"

"हो. चौघांना गाठ बांधता येते, पण नत्र पकडायचं पुढचं काम जमत नाही. नुसते बसून खातात. म्हणून पांढऱ्या गाठी."

"आणि पाचवा?"

"त्याची गुलाबी आहे. फिकट, पण गुलाबी."

सर खुर्चीतून उठले. "म्हणजे एम-सातचं काम करणारा, पण इथल्या मातीतला? उन्हाळा काढेल असा?"

"इथलाच आहे, सर. काढणारच."

"हे छापायला हवं, शैलजा." त्यांनी शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले. मी तिथे लागल्यापासून सरांनी मला दिलेला तो पहिला चहा.

कप हातात घेऊन मी म्हणाले, "मग गयाबाईला उद्यापासून बोलावू ना?"

"कोण गयाबाई?"

"जिने लाल खुरपं आणलं, असं आपण म्हणालो. तिने आणलंच नव्हतं."

"पण तिने कबूल केलंय."

"बाकीच्यांचं काम जाऊ नये म्हणून खोटं बोलली ती, सर."

"मग खोटं बोलली." सरांनी चहाचा घोट घेतला. "खोटं बोलणारी बाई मला प्रक्षेत्रावर नको."

खरं केलं असेल तर गुन्हेगार, नसेल केलं तर खोटारडी. असा कोंडमारा मी माणसाचा होताना पाहिला नव्हता. मी चहा तसाच ठेवून बाहेर आले.

निबंध लिहायला घेतला. एका परदेशी नियतकालिकाकडे पाठवला. कित्येक महिन्यांनी तपासणाऱ्याचं उत्तर आलं. त्याला काम आवडलं होतं, फक्त एक शंका होती. हे जिवाणू मजुरांच्या अवजारांतून किंवा पायांतून एका वाफ्यातून दुसऱ्यात गेले नाहीत कशावरून? तसं असेल तर कोरा वाफा कोरा म्हणता येणार नाही आणि निबंधाचा पायाच जाईल.

सरांनी चष्मा पुसला. "लिही. सहाही वर्षं दोन्ही वाफ्यांची अवजारं वेगळी होती. मजुरांनी ही शिस्त अत्यंत काटेकोरपणे पाळली. अवजारांतून अथवा पायांतून मिसळ झाल्याची शक्यता नाही."

माझं पेन थांबलं.

"काय झालं?"

"सर, तुम्ही मान्यतेच्या लोकांना उलट सांगितलं होतं. आणि गयाबाईला ह्याच कारणासाठी—"

"हे शास्त्र आहे, शैलजा. ते प्रशासन होतं. दोन्हींची गल्लत करू नकोस. लिही."

मी लिहिलं. निबंध छापून आला. त्यावर सरांचं नाव पहिलं आणि माझं दुसरं होतं. मी नोकरीत कायमही झाले. त्या पाचव्या जिवाणूला सरांनी एम-आठ म्हटलं. पुढे त्याची पाकिटं निघाली आणि अजूनही निघतात. पण ज्या दिवशी छापील प्रत हातात आली, त्या दिवशी मला ती कुणाला दाखवावीशी वाटली असेल तर एकाच बाईला.

गयाबाई तलावाच्या भरावावर सापडली. जेवणाच्या सुट्टीत एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत पाय पसरून बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. ती भाकरी मोडत ऐकत होती.

"म्हंजी उसनं घेतलं म्हना की त्यांनी," ती म्हणाली.

"तसंच. पण परत करावं लागत नाही. देणाऱ्याचंही त्याच्यापाशी राहतं."

"इस्तू नेल्यावानी." तिने मान हलवली. "शेजारीन गवरीवर इस्तू घिऊन गेली म्हनून आपली चूल काय इझत न्हाई. अन् तिच्या चुलीवर ती तिच्या हातचं शिजवती. कुनाचं चांगलं, कुनाचं करपट."

"अगदी तसंच आहे, गयाबाई."

"मंग ह्यात मिसळ कुनी केली?"

"कुणीच नाही. तेच तर लिहिलंय इथे. सरांनीच लिहिलंय." मी बोटाने ओळ दाखवली आणि मराठीत वाचली.

तिने हात पदराला पुसले, कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला.

"विंग्रजीत हाय."

"हो. बाहेरच्या देशात छापलंय."

"थितं वाचत्याल?"

"वाचतील ना."

"थितल्या लोकांनी कुटं मला बाटगी म्हन्लं होतं, ताई?"

मला स्वतःचाच, त्या गुळगुळीत कागदाचा आणि सगळ्याच गोष्टीचा इतका वैताग आला की तो कागद तिथेच चुरगळून टाकावासा वाटला. तिने तो नीट घडी करून माझ्या हातात दिला.

"वाचायचं तर बायांम्होरं वाचा," ती म्हणाली. "मी यीन ऐकायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाया बाभळीखाली भाकरी खायला बसल्या होत्या. चंद्रकलेचं मूल आता धावत होतं. गयाबाई आली, जरा बाजूला, बांधावर बसली. दोघी-तिघींनी तिला सरकून जागा दिली, बाकीच्या इकडेतिकडे पाहू लागल्या. मी उभी राहिले. सभेत भाषण करायची मला सवय नाही. घसा साफ केला आणि वाचलं. सहाही वर्षं दोन्ही वाफ्यांची अवजारं वेगळी होती. मजुरांनी ही शिस्त अत्यंत काटेकोरपणे पाळली. अवजारांतून अथवा पायांतून मिसळ झाल्याची शक्यता नाही.

"परत एकदा वाचा, ताई," चंद्रकला म्हणाली.

मी परत वाचत असतानाच सर प्रयोगशाळेतून बाहेर आले. बायांचा घोळका पाहून ते इकडे वळले. गयाबाईला पाहून थबकले.

"हे काय चाललंय?"

"तुमचा निबंध वाचतेय, सर. मराठीतून."

"तो इथे वाचायचं काय कारण?"

चंद्रकलेने डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, "सर, म्हंजी आमी कुनी चुकलो न्हाई, असं तुमीच लिवलंय?"

"शास्त्रीय निबंधात तसं लिहावं लागतं."

"खरं हाय म्हनून लिवलं का लिवावं लागतं म्हनून लिवलं?"

सर माझ्याकडे पाहत राहिले. नाही म्हणाले असते तर निबंध खोटा ठरत होता. हो म्हणाले असते तर समोर गयाबाई बसली होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले. "जेवणाची सुट्टी संपली. चला."

एवढंच. उद्यापासून ये, हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहिली तरी आले नाहीत. मला त्यांच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं.

गयाबाई उठली. लुगडं झटकलं. गावाकडे जायची जवळची वाट कोऱ्या वाफ्याच्या कडेकडेने होती. ती कधीच कुणी वापरत नसे. सरांना खपत नसे म्हणून बाया लांबून जायच्या. गयाबाई त्या वाटेने निघाली. वाफ्याच्या तोंडाशी आली, थांबली. लुगडं घोट्यांच्या वर धरून तिने डावा पाय घमेल्यात घातला, टाच चोळली, बोटांच्या बेचक्यांतली माती काढली. मग उजवा पाय तसाच धुतला. तिला घाई नव्हती. मग ती कोऱ्या वाफ्यात उतरली आणि सरीसरीने, एकाही झाडाला पाय न लावता, पलीकडच्या टोकाला पोचली.

सर घमेल्यातल्या गढूळ झालेल्या पाण्याकडे पाहत उभे होते.

"सुट्टी संपली," ते पुन्हा म्हणाले.

पण एकही बाई जागची उठली नाही.